कुणाला कळलं तर?

‘आता डोनरचा विचार करा,’ असं डॉक्टर सांगतात आणि जोडप्याला माझ्या खोलीत पाठवतात. पुण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी बरीच वर्षं समुपदेशक आहे. माझं काम बहुतेकदा डॉक्टरांच्या या वाक्यानंतर सुरू होतं. समोर बसलेल्यांच्या पिशवीत दोन-तीन दवाखान्यांच्या फायली असतात. नवस, अंगारे, आयुर्वेद सगळं करून झालेलं असतं. आयव्हीएफची एखाद-दुसरी फेरी वाया गेलेली असते. खर्च किती, यश किती, बाळ धडधाकट होईल का, हे सगळे प्रश्न येतात, पण नंतर. आधी दार लागलंय ना, हे पाहिलं जातं आणि मग विचारतात, ‘मॅडम, हे कुणाला कळणार तर नाही ना?’

बाहेरच्यांना वाटतं की इथे आडवं येतं ते रक्त, कुळ, वंश. तेही येतंच. पण मी जे पाहिलं त्यावरून सांगते, दात्याचं बीज घ्यायला बरीच जोडपी आज ना उद्या तयार होतात. ते घेतलंय हे जिवाभावाच्या एकाही माणसाला सांगायला मात्र तयार होत नाहीत. आणि मग ते लपवण्याचं ओझं कुणी वाहायचं, हे कुणीही न बोलता ठरून जातं. बहुतेक घरांत ते बाईच्या डोक्यावर येतं.

सोलापूरकडचं एक जोडपं होतं. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली. नवऱ्याचा रिपोर्ट ‘निल’, म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू नाही. लहानपणी होतात ते गालगुंड वयात आल्यावर झाले तर काही जणांच्या अंडकोषांना सूज येते आणि क्वचित शुक्राणू तयार होणं कायमचं थांबू शकतं. त्याच्या बाबतीत तसंच झालं असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. अंडकोषातून सुईनं शुक्राणू मिळतात का तेही पाहिलं होतं, मिळाले नव्हते. बायको एका वाक्यात म्हणाली, ‘घरी मी सांगितलंय, दोष माझ्यात आहे.’ तिला शेतावर, लग्नकार्यात, हळदीकुंकवात काय काय ऐकावं लागत असेल, ते मला तिनं सांगायची गरज नव्हती. सासूबाईंनी मुलाच्या दुसऱ्या लग्नाचा विषयही काढला होता. नवरा शेजारी बसून खुर्चीच्या हाताला लागलेलं रेक्झिन नखानं सोलत होता. वाईट माणूस नव्हता तो. तिच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या, डबा तो घेऊन यायचा. पण ‘निल’ हा शब्द तो स्वतःच्या आईपुढे उच्चारू शकत नव्हता.

मी त्याला एकट्याला बोलावलं. पुरुषांना एकट्यानं बोलायला वेळ द्यायचा, हा नियम मी पुढे कायमचा करून टाकला. बायकोसमोर ते धीर धरतात, आईसमोर गप्प बसतात, डॉक्टरांसमोर माना डोलावतात. रडायला त्यांना कुठेच जागा नसते. दात्याचं बीज घेण्याआधी स्वतःच्या न होणाऱ्या मुलाचं दुःख करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. त्या दुःखाला वेळ न देता पुढच्याच पाळीला उपचार उरकले, तर ते दुःख नंतर भलत्या वाटेनं बाहेर पडतं. बायकोवर संशय, मुलाला जवळ न घेणं, दारू, असं काहीही होतं. म्हणून माझ्या हातात असतं तेव्हा मी जोडप्याला एक-दोन महिने थांबायला सांगते. केंद्राला ते नेहमी आवडतंच असं नाही.

काही पुरुषांची एक विनंती ठरलेली असते: ‘डॉक्टर, त्यात माझंही थोडं मिसळता येईल का?’ ज्यांचे शुक्राणू अगदी थोडे, पण आहेत, ते हे विचारतात. डॉक्टरांनी नाही म्हणायचं, यात दुमत नाही. दोन व्यक्तींचं वीर्य कधीही एकत्र करायचं नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांतच स्पष्ट लिहिलेलं आहे. मला मात्र त्या विनंतीचा राग कधी आला नाही. ‘कदाचित माझंच असेल’ एवढा आडोसा त्या माणसाला हवा असतो. त्या आडोशाशिवाय तो बाप होऊ शकेल का, हे त्यालाच तपासायला लावणं, हे माझं काम.

बायकांच्या बाबतीत चित्र वेगळं दिसतं. स्त्रीबीज दुसरीचं असलं तरी गर्भ आपल्याच पोटात वाढतो, डोहाळे लागतात, ओटी भरली जाते, कळा येतात, अंगावरचं दूध येतं. जगाला दिसायला काही कमी पडत नाही. ‘माझ्या पोटात वाढलं म्हणजे माझंच,’ असं त्या सहज म्हणतात आणि ते खरंही असतं. हे तंत्र काही नवीन नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1986 मध्ये टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्या कामातल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीच 1991 मध्ये दात्रीच्या बीजापासून बाळ जन्माला आणलं. म्हणजे आज त्या वाटेनं जन्मलेली पहिली मुलं स्वतः संसारात असण्याच्या वयाची आहेत.

सहज होकार दिला म्हणून मन मोकळं झालं, असं नसतं. चाळिशीच्या आतच जिची पाळी जवळजवळ थांबली होती, अशी एक शिक्षिका आमच्याकडे आली होती. दात्रीच्या बीजावर तिला पहिल्याच फेरीत दिवस राहिले, मुलगी झाली, सगळं छान. वर्षभरानं तिचा फोन आला. मुलीला सारखा खोकला होतोय म्हणून बालरोगतज्ज्ञाकडे गेली होती. त्यांनी विचारलं, ‘आईच्या बाजूला कुणाला दमा?’ तिच्या वडिलांना होता. ‘आहे’ म्हणावं की ‘नाही’, हे तिला कळेना. नवरा शेजारी होता, सासूबाईही होत्या. ती ‘आहे’ म्हणाली, डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. मुलीच्या कागदावर आपण खोटं लिहून आणलं, असं ती मला पुन्हापुन्हा सांगत होती. मी तिला म्हटलं, उद्या एकटी जा आणि डॉक्टरांना खरं सांग, ते त्यांच्यापाशीच राहील. ती गेली. डॉक्टरांनी एक ओळ खोडली, दुसरी लिहिली, पाच मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्याला आधीच सांगते, मुलाच्या डॉक्टरला खरं सांगायचं, त्यात सूट नाही.

दात्याबद्दल विचारताना लोक काय काय विचारतात, त्यावरून आपला समाज दिसतो. बीज पुरवणाऱ्या बँकेकडून मिळणाऱ्या माहितीत उंची, रंग, शिक्षण, रक्तगट असं असतं. रंगाच्या रकान्यापाशी सगळे थांबतात. दोघंही सावळे असतात, तरी ‘गोरा मिळेल का?’ असं विचारतात. रक्तगटाबद्दलची धास्ती मात्र मी समजू शकते. आई-बाप दोघंही ओ गटाचे आणि मूल ए गटाचं, हे नववी-दहावीच्या जीवशास्त्राच्या तासाला कुणाच्याही लक्षात येईल, म्हणून गट जुळवून घेतला जातो. आणि मग येते जात. ‘आपल्यातला आहे ना?’ हा प्रश्न वकिलांनी विचारलाय, शेतकऱ्यांनी विचारलाय, परदेशात शिकून आलेल्यांनी विचारलाय. आमच्याकडे तो रकाना नाही, असं मी सांगते आणि पुढे काही समजावत बसत नाही. एक गृहस्थ त्यावर उठून गेले होते. काही महिन्यांनी परत आले, तेव्हा त्यांनी जातीचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. आज त्यांना जुळे मुलगे आहेत.

‘बाहेरचं नको, घरातलं घ्या’ हा आमच्याकडे वारंवार येणारा दुसरा सल्ला. म्हणजे धाकट्या दिराचं. कधी बहिणीचं स्त्रीबीज. सुचवणारी बहुतेकदा सासू असते आणि तिच्या मनात कपट नसतं. घरचं रक्त घरात राहील, एवढाच तिचा हिशेब. एका सुनेनं माझ्यासमोर हे ऐकलं आणि ती उठून बाथरूमला गेली. नंतर एकटी असताना म्हणाली, ‘दरवर्षी गणपतीत त्यांना जेवायला वाढायचं, आणि मनात हे ठेवायचं? मला जमणार नाही.’ तिच्या नवऱ्याला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. दिराला तर कुणी विचारलंच नव्हतं.

तिची सुटका कायद्यानं केली. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा 2021 मध्ये झाला आणि जानेवारी 2022 पासून लागू झाला. बीज आता नोंदणीकृत बँकेमार्फतच यावं लागतं आणि दाता अनोळखीच असतो. ओळखीच्या दात्यानं काय गुंता होतो, ते मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात सगळ्यांनी वाचलं. पत्नीच्या धाकट्या बहिणीनं स्त्रीबीज दिलं होतं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा-बायको वेगळे झाले आणि बीज देणारीच मुलींची खरी आई आहे, असा दावा नवऱ्याकडून झाला. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयानं सांगितलं की बीज दिल्यानं आईपणाचा कायदेशीर हक्क येत नाही, आणि त्या आईला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. हा निकाल आला त्या आठवड्यात माझ्या खोलीत आलेल्या बायका तो पाठ असल्यासारखा सांगत होत्या. कायद्यातही हेच आहे. मूल त्या जोडप्याचंच मानलं जातं आणि दात्याचा मुलावर कोणताही हक्क राहत नाही. पण कलम वाचून जो धीर येत नाही, तो शेजारच्या शहरातल्या एका आईला न्याय मिळाला हे ऐकून येतो.

सगळे वडीलधारे सारखे नसतात, हेही सांगायला हवं. सातारा भागातले एक निवृत्त हेडमास्तर मुला-सुनेबरोबर स्वतः आले होते. मुलाचा रिपोर्ट त्यांनी आधी वाचला होता. ते म्हणाले, ‘धृतराष्ट्र आणि पंडू कुणाचे? विचित्रवीर्याचे म्हणूनच वाढले ना? व्यासांचं नाव घेऊन त्यांना कुणी कुरुकुळाबाहेर काढलं का?’ मुलाच्या खांद्यावरचं निम्मं ओझं त्या माणसानं तिथेच उतरवलं. महाभारतातला नियोग आणि आजचा दवाखाना यांत फरक पुष्कळ आहे. अंबिका-अंबालिकेला कुणी संमतीचा अर्ज दिला नव्हता. पण एका बापानं आपल्या मुलाला दिलेला तो आधार होता, आणि मी तो तसाच राहू दिला.

आता ज्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, त्या बीज देणाऱ्या बायका. कायदा येण्याआधी त्या माझ्याशीही बोलायच्या. आता त्यांची निवड आणि तपासण्या बँक करते. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, पॅकिंगच्या कारखान्यात जाणाऱ्या, मुलांच्या शाळेच्या फीसाठी किंवा हातउसने घेतलेले पैसे फेडायला आलेल्या. कुणी हौसेनं आलेली मला आठवत नाही. दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईनं बीजं काढून घेणं. इंजेक्शनं जास्त लागू पडली तर पोटात पाणी होऊन जिवावर बेतू शकतं, हे त्यांना सांगावंच लागतं. पुरुष दात्याचं काम एका कपात संपतं. त्याचं वीर्य उणे 196 अंशांवर गोठवून ठेवतात आणि पुन्हा रक्त तपासून मगच वापरतात. दोघांनाही ‘डोनर’च म्हणतात, पण दोघांना द्यावं लागणारं सारखं नाही.

‘ताई, माझी अंडी संपून नाही ना जाणार?’ असं एकीनं मला विचारलं होतं. तिला मुलगा होता, पुढे मुलगी हवी होती. मी कागदावर आकडे काढून दाखवले. मुलगी जन्मते तेव्हा तिच्यात दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि अख्ख्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची तशीही जिरूनच जातात. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘एवढी असतात, आणि त्या बाईला एक पण नाही?’ जाताना तिनं विचारलं की, त्या बाईला दिवस राहिले तर कळवाल का? कळवता येत नव्हतं. तिचं आणि घेणारीचं नाव एकमेकींना कळू द्यायचं नाही, तेव्हाही हाच नियम होता.

नव्या कायद्यानं दात्रीचं वय 23 ते 35 ठरवलं, पुरुषाचं 21 ते 55. बाईनं आयुष्यात एकदाच बीज द्यायचं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि तिचा वर्षभराचा विमा घेणाऱ्या जोडप्यानं उतरवायचा. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला. डॉक्टर मंडळी या अटींवर नाराज आहेत. सात बीजांतून चांगला भ्रूण मिळेलच असं नाही, दात्री मिळणं अवघड झालं, खर्च वाढला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. ज्या जोडप्यांनी दागिने मोडून पैसे आणलेले असतात त्यांना त्याचा चटका बसतो, तो मी पाहते. तरीही ‘एकदाच’ ही अट मला हवीशी वाटते. नाव बदलून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या पोटात दर वेळी काय होत होतं याची कुणाकडेही नोंद नव्हती.

मुलाला सांगायचं का, या प्रश्नावर माझं मत बनलं ते ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्यामुळे. ती दोघं सुट्टीत पुण्याला आली होती, उपचार तिकडेच घेणार होती. तिकडे एप्रिल 2005 पासून दात्याचं नाव कायमचं गुप्त ठेवता येत नाही. मूल 18 वर्षांचं झालं की त्याला ते मागता येतं. त्यामुळे सांगायचं की नाही, हा प्रश्न तिकडच्या केंद्रातच निकालात निघाला होता. त्यांची अडचण निराळी होती. इंग्रजीत मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं मिळतात, पण आजी-आजोबांच्या मांडीवर बसून ऐकायला मराठीत काय आहे? आम्ही तिघांनी बसून एक छोटी गोष्ट लिहिली. आई-बाबांना बाळ हवं होतं, बाळाला बी लागतं, बाबांकडे बी नव्हतं, एका काकांनी दिलं. ‘काका’ म्हणावं की नको यावर आमचा बराच वाद झाला. काका म्हणजे नातं आलं. शेवटी ‘एका माणसानं’ असं ठेवलं. तीन वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. पुढचं ते वाढेल तसं वाढवायचं.

ती गोष्ट मी आता इथल्या जोडप्यांनाही देते. आपल्याकडे कायद्यानं दाता गुप्तच राहतो. बँकेकडे त्याचं नाव असतं, आधार क्रमांक असतो, केंद्राला नोंदी 10 वर्षं जपाव्या लागतात आणि मग त्या राष्ट्रीय नोंदवहीकडे जातात. पण मूल मोठं होऊन ‘मी कुणाचा?’ म्हणत आलं, तर ते नाव त्याला मागता येत नाही. निदान दात्याच्या घराण्यातल्या आजारांची माहिती तरी त्याला मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. नाव नाही मिळालं तरी खरी हकिगत आई-बापांकडूनच मिळावी, हे त्याहून जास्त वाटतं. घरबसल्या डीएनए तपासून घेण्याची सोय आता आपल्याकडेही आली आहे. भाऊबंदकीच्या भांडणात, जमिनीच्या वाटणीवरून, रागाच्या भरात एखाद्या चुलत्याच्या तोंडून पोराला हे कळलं तर काय होतं, ते मी एका विशीतल्या मुलाच्या तोंडून ऐकलंय. बीज दुसऱ्याचं होतं याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. ‘चुलत्याला माहीत होतं आणि मला नव्हतं,’ हे तो सोडायला तयार नव्हता. आईशी तो तेव्हा बोलत नव्हता.

लहानपणापासून सांगितलेली मुलंही मला माहीत आहेत. फार नाहीत. त्यांतलं एक त्या हेडमास्तरांचं नातवंड आहे. गोष्ट त्याला आजोबांनीच सांगितली, शेतातल्या बियाण्याचं उदाहरण देऊन. आता पाचेक वर्षांचं झालंय आणि मध्येच केव्हातरी, जेवताना किंवा गाडीत, ‘त्या माणसाचं नाव काय होतं?’ असं विचारतं. आई ‘आम्हाला पण माहीत नाही’ म्हणते. ते ‘बरं’ म्हणतं आणि दुसऱ्या कशाकडे तरी वळतं.

त्याचे आई-बाबा आता दुसऱ्या बाळासाठी येताहेत. गोठवून ठेवलेले भ्रूण शिल्लक आहेत, कायद्यानं ते 10 वर्षं ठेवता येतात, त्यामुळे दोन्ही भावंडांचा दाता एकच असेल. त्यांना त्याचा आनंद आहे. या वेळी बायकोच्या माहेरीही सांगायचं, असं दोघांनी ठरवलंय. तिची आई सोवळ्या-ओवळ्यातली आहे आणि नातवाचं नाक जावयावर गेलंय असं चार वर्षं सगळ्यांना सांगत आलीय. तिला आधी सांगायचं की दिवस राहिल्यावर, यावर नवरा-बायकोचं एकमत नाही. नवरा म्हणतो आधीच, म्हणजे बाळंतपणाला आई येईल ती सगळं माहीत असून येईल. पुढच्या आठवड्यात दोघं परत येणार आहेत. या वेळी बोलायची सुरुवात त्यानं करावी, असं मी त्याला सुचवलंय, आणि तो तयार आहे.